मधला माणूस

लालबाग-परळच्या लग्नपत्रिकांवर नव्वदच्या दशकापर्यंत फोन नंबराच्या शेजारी 'पी. पी.' ही दोन अक्षरं छापलेली असत. नंबर घरचा नाही, शेजारचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. कुणाचा वाण्याच्या दुकानातला, कुणाचा तळमजल्यावरच्या डॉक्टरांचा, कुणाचा दुसऱ्या माळ्यावरच्या बँकेतल्या काकांचा. आमच्या चाळीत तो आमच्या घरचा होता, कारण वडील टेलिफोन खात्यात होते. फोन वाजला की पलीकडचा माणूस आधी आईशी बोले. "एकवीस नंबरच्या वहिनींना बोलवता का? गावाहून बोलतोय. पाच मिनिटांनी परत लावतो." मग मी जिना चढून वर. वहिनी स्टोव्हवरचं दूध शेजारणीच्या भरवशावर टाकून, पदराला हात पुसत खाली येत. त्या बोलत असताना आई मुद्दाम मोरीत भांडी वाजवत राही. फोन ठेवल्यावर मात्र विचारल्याशिवाय राहत नसे, "सगळं बरं ना?"

मुंबईत टेलिफोनचं पहिलं एक्स्चेंज १८८२ साली उघडलं. शंभर वर्षांनंतरही गिरणगावातल्या अख्ख्या माळ्याला एखादाच फोन असे. अर्ज केला की नंबर लागेपर्यंत मूल शाळेतून कॉलेजात जाई. आज मागे वळून बघताना मला त्या टंचाईचं कौतुक वाटत नाही. आठवतो तो तिच्यामुळे तयार झालेला माणूस, दोघांच्या बोलण्यातला मधला माणूस. निरोप कधी एकटा येत नसे. तो कुणाच्या तरी हातून, तोंडून, जिन्यावरून येई, आणि आणणाऱ्याचाही त्यात थोडा वाटा राही.

पत्रांचं तर सगळंच त्याच्यावर चालत होतं. गिरण्यांमधला मोठा वर्ग कोकणातून, साताऱ्या-कोल्हापूरकडून आलेल्या पुरुषांचा. बायका-मुलं गावी. हे लोक ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत राहत. एका खोलीत वीस-पंचवीस जण, प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. तीन पाळ्या होत्या म्हणूनच ते जमत होतं. पहिल्या पाळीचा उठे तेव्हा रातपाळीवाला त्याच वळकटीवर पाठ टेके. जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कुणाच्या घरून पत्र नाही, कुणाचा पोरगा आजारी आहे, हे खानावळवाल्या मावशीला खोलीतल्या माणसांच्याही आधी कळे. दोन भाकऱ्यांवर उठणारा गडी एकीवर उठला की ती विचारायचीच.

खोलीत लिहिता येणारे दोघे-तिघे. सुट्टीच्या दिवशी त्यांच्यापुढे रांग लागे. ऐंशीच्या दशकात पोस्टकार्ड १५ पैशांना मिळायचं, आणि कार्ड म्हणजे उघडा कागद. नवरा सांगणार, दुसरा लिहिणार, आजूबाजूचे ऐकणार. गावात ते शाळेच्या गुरुजींनी किंवा चौथीतल्या मुलीने मोठ्यांदा वाचायचं, सासू-सासरे, दीर, शेजारपाजार ओटीवर बसलेले. नवऱ्याने बायकोला पाठवलेला शब्द एवढ्या माणसांमधून जायचा. त्यामुळे त्यात यायचं काय? इकडे सर्व खुशाल आहे, तिकडील खुशाली कळवावी. पाऊस किती झाला. लावणी उरकली का. बैलाचा पाय. "मला तुझी आठवण येते" हे वाक्य त्या कार्डावर कधी लिहिलं गेलं नसेल. अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजली, तिच्यात पुढे मैनेला मराठी मुलखाचं रूप मिळतं, हे खरं. पण गिरणगावाने ती उराशी धरली ते आधी याच कारणाने, असं मला वाटतं. कार्डावर न मावणारं कुणीतरी हजारोंच्या समोर डफावर म्हणून दाखवलं होतं.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक चिंचोळी चिठ्ठी असे, मजकुरासाठी. पैसे किती हे वरच्या भागात, माणूस खालच्या दोन ओळींत. "दादाच्या औषधाला ५० वेगळे ठेव." पोस्टमन नोटा मोजून देई, अंगठा घेई आणि त्या दोन ओळी वाचूनही दाखवी. त्याचं ते काम कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. ज्या घरी मनीऑर्डर आली नाही त्या घरावरून जाताना तो सायकल जरा जोरात मारी, हेही गावाकडच्या माणसांनीच मला सांगितलं.

पत्त्याची गोष्टही इथे सांगितली पाहिजे, कारण तिच्यामागे एक मराठी माणूस आहे. टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्या, न लागणारं अक्षर, यातून वाट काढणारी सहा आकड्यांची पिनकोड पद्धत त्यांनी आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. त्याआधी आमचा पत्ता 'मुंबई १२' असा होता, गिरगावचा 'मुंबई ४', दादरचा 'मुंबई १४' नाहीतर '२८'. हे जुने आकडे पिनकोडच्या शेपटाला तसेच राहिले: ४०००१२, ४००००४, ४०००१४, ४०००२८. इथपर्यंत पत्र आकड्यांवर यायचं. पुढे कुठली गल्ली, कुठला माळा, हे पोस्टमनला तोंडपाठ. एकाच चाळीत एकाच आडनावाची चार-चार घरं असत, तरी त्याची चूक होत नसे.

पत्र लिहिताना सगळ्यात अडायचं ते पहिल्या ओळीवर. तीर्थरूप की तीर्थस्वरूप, साष्टांग नमस्कार की अनेक आशीर्वाद, चिरंजीव की श्रीयुत. नातं नक्की ठरल्याशिवाय मायना ठरत नाही. आणि मायना ठरला की पुढचं पत्र निम्मं लिहून झालेलं असतं. चांगदेवांची कथा मराठी घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वर वयाने लहान, अधिकाराने मोठे. नमस्कार लिहावा की आशीर्वाद, हे न उमगल्याने त्या योग्याने कोरंच पत्र धाडलं. लक्षात राहतं ते ज्ञानेश्वरांचं ६५ ओव्यांचं उत्तर, चांगदेव पासष्टी. पण मधली माणसं बघा. कोरा कागद बघून मुक्ताबाई म्हणाली की चौदाशे वर्षं जगून हा अजून कोराच, आणि निवृत्तिनाथांनी सांगितलं की याला उत्तर दे. दोघांच्या पत्रात चौघं आले, आणि ते आले म्हणूनच उत्तर लिहिलं गेलं.

बातमीसुद्धा हातोहात फिरे. गिरणीचा भोंगा सगळ्यांना एकदम ऐकू येई, तेवढाच काय तो अपवाद. बाकी सगळं माणसांमार्फत. आचार्य अत्र्यांचा 'मराठा' १९५६ च्या नोव्हेंबरात निघाला तेव्हा लालबागच्या सलूनमध्ये एकाने अंक मोठ्यांदा वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा आणि मग त्यावर तावातावाने भांडायचं, असं वडील सांगत. एका अंकावर दहा-पंधरा डोकी. वाचणाऱ्याचा आवाज चढला की अग्रलेखही चढे. नाक्यावर वार्ताफलक असे. काळा फळा, वर मंडळाचं नाहीतर पक्षाचं नाव, सुंदर वळणदार अक्षर. सभा नरे पार्कला किती वाजता, कुणाचा मुलगा मॅट्रिकला पहिला, कुणाची अंत्ययात्रा किती वाजता निघणार. फळ्याजवळ उभं राहून वाचणारा शेजाऱ्याला विचारी, "हे कोण हो?" आणि मग बातमीपेक्षा लांब उत्तर मिळे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले. आज ना उद्या मिटेल, ही आशा याच नाक्यांवर, याच फळ्यांसमोर महिनोन् महिने जिवंत राहिली. गावाकडे जाणाऱ्या मनीऑर्डरी थांबल्या. पत्रांमधलं 'इकडे सर्व खुशाल आहे' मात्र थांबलं नाही. ते वाक्य लिहिणाऱ्यांचे चेहरे मी पाहिलेत. ते खोटं बोलत नव्हते. घरच्यांच्या जिवाला घोर लागू नये याची ती धडपड होती.

माणसं एकमेकांशी बोलतात कशासाठी, याचं सरळ उत्तर 'माहिती देण्यासाठी' असं येतं. चाळीत वाढलेल्या माणसाला ते पटणार नाही. डबा घेऊन, चपला घालून जिना उतरणाऱ्या माणसाला गॅलरीतून विचारलं जाई, "काय, निघालात?" तो निघालाय हे दिसत होतंच. "हो, दुसरी पाळी," तो म्हणे; त्याची दुसरी पाळी आहे हे सगळ्या माळ्याला माहीत होतं. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहून तिथल्या लोकांचं बोलणं ऐकलं आणि १९२३ साली लिहिलं, की हवापाण्याचं, येण्याजाण्याचं असं जे वरवर निरर्थक बोलणं असतं, त्याचं काम माणसांना बांधून ठेवणं हे आहे. आमच्या गॅलरीला हे बेटांइतकंच ठाऊक होतं. "निघालात?" म्हणजे तू निघालेला मी पाहिलंय. रात्री बारापर्यंत परत आला नाहीस तरी कुणाच्या तरी लक्षात येईल.

पुढे १९४८ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने निरोप पोचवण्याचं गणित मांडलं. आजचे फोन, इंटरनेट, सगळं त्याच्यावर उभं आहे. पाठवलेला मजकूर पलीकडे जसाच्या तसा मिळाला पाहिजे; वाटेत जे काही त्यात मिसळतं ते त्याच्या लेखी गोंगाट. यंत्रासाठी हे अगदी बरोबर आहे. पण मधला माणूस निरोपात जे मिसळत होता त्याला गोंगाट म्हणायला माझं मन धजत नाही.

एकवीस नंबरच्या वहिनींचे वडील गेले, तो फोन रात्री उशिरा आमच्याकडे आला. मी शाळकरी होतो. आईने ऐकून घेतलं, "बरं, मी बघते" म्हणाली आणि रिसीव्हर ठेवून दोन मिनिटं तशीच उभी राहिली. त्या दिवशी तिने मला वर पाठवलं नाही. आधी शेजारच्या काकूंना उठवलं, मग वरच्या माळ्यावरच्या मावशींना. तिघींनी जिन्यात हळू आवाजात ठरवलं. वडिलांनी एकाला गिरणीच्या गेटवर धाडलं, रातपाळीवरच्या नवऱ्याला बाहेर काढायला. दुसरा परळ डेपोत सकाळच्या एसटीची चौकशी करायला गेला. मग बायका वर गेल्या. वहिनींना सांगितलं एवढंच की वडिलांची तब्येत जास्त आहे, बोलावलंय. चहा झाला. कुणी त्यांची पिशवी भरली, कुणी मुलाला आपल्याकडे निजवलं. मावशी त्यांच्याबरोबर एसटीत बसून गेल्या. खरं काय ते महाडच्या थांब्यावर सांगितलं, घर तीन-चार तासांवर आलं तेव्हा. वहिनी म्हणाल्या, "मला जिन्यावर तुम्ही तिघी दिसलात तेव्हाच कळलं होतं."

त्यांना कळलं होतं आणि तरी त्यांनी विचारलं नव्हतं. बायकांना त्यांना कळलंय हे कळलं होतं आणि तरी त्यांनी सांगितलं नव्हतं. याला लपवाछपवी म्हणणारे भेटतात. मला वाटतं माणसांच्या बोलण्यातली याहून मोठी विद्या मी नंतर कुठे पाहिली नाही. एकटीला न उचलणारं ओझं त्यांनी चौघींत वाटून, टप्प्याटप्प्याने तिच्या हाती दिलं होतं. टेलिफोनने आणलेली बातमी चार शब्दांची होती. पुढचं सगळं त्या तिघींनी घडवलं.

मधला माणूस नेहमी असा असे, असं मात्र नाही. खालच्या दुकानात आलेला फोन कुणा मुलीला कुठल्या मुलाचा होता, हे तासाभरात चाळभर व्हायचं, आणि पुढच्या महिन्यात तिला बघायला माणसं यायची. सासरच्या छळाबद्दल माहेरी लिहायचं तर कार्ड टाकायला द्यायचं कुणाकडे, तर दिराकडे. कित्येक बायकांचं आयुष्य 'सर्व खुशाल' या दोन शब्दांखाली दबून गेलं. त्यामुळे गावाकडची माझ्या नात्यातली एक सून रात्री ओटीवर बसून मुंबईतल्या नवऱ्याशी फोनवर तासभर हसत बोलते, तेव्हा मला मनापासून आनंद होतो. तिच्या आजेसासूला हे एकदाही मिळालं नाही. हे परत घालवून कुठलीही जुनी गंमत मला नको.

बदल झाला तो टप्प्याटप्प्याने. आधी पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आले, मग एक रुपयाच्या नाण्यावर चालणारे लाल डबे. भारतातला मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ चा. सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. २००३ साली ते थांबले आणि मोबाइल खऱ्या अर्थाने गिरणगावात शिरला. 'दादरला उतरलास की मिस्ड कॉल दे' हा त्या दिवसांतला गोड व्यवहार, एकही शब्द न बोलता, एकही पैसा न खर्चता घरी कळायचं की पोरगा पोचला. १४ जुलै २०१३ च्या रात्री तारही बंद झाली. तार आली म्हटलं की वाचायच्या आधीच रडू फुटायचं अशी पिढी तोवर म्हातारी झाली होती.

आणि त्याच काळात चाळीही उतरू लागल्या. गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर उभे राहिले. ना. म. जोशी मार्ग, नायगाव, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतल्या माणसांना आता ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, आत स्वतःचा संडास, स्वतःचा नळ. पहाटे बादली घेऊन रांगेत उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा, याचं मोल काय ते. गिरगावातही जुन्या वाड्यांच्या जागी उंच इमारती आल्या आहेत. फक्त गॅलरी गेली. लिफ्टमध्ये शेजारी भेटतो तेव्हा दोघांच्याही हातात फोन असतो. दारावर कोण आलंय ते रखवालदार खालून इंटरकॉमवर सांगतो, किंवा ॲप सांगतं. "निघालात?" असं विचारायला वाटेत कुणी बसलेलं नाही.

आमची चाळ पाडली तेव्हा काही जण भाड्याने डोंबिवलीला गेले, काही विरारला, काही बदलापूरला, आणि बरेचसे तिकडेच राहिले. त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी फुलांची चित्रं, गणपतीत लालबागचे फोटो, कुणाच्या नातीचा वाढदिवस. मला तो ग्रुप आवडतो. सकाळच्या त्या 'शुभ सकाळ'ची माझी मुलं चेष्टा करतात, मी करत नाही. ते आमचं "निघालात?"च आहे. अमक्या काकांचा मेसेज तीन दिवस आला नाही की कुणीतरी फोन करून बघतं.

पण मागच्या वर्षी त्याच ग्रुपवर एका सकाळी हार घातलेला फोटो आला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. त्याला कळलं आणि त्याने सगळ्यांना कळवलं. गेलेल्या गृहस्थांची मुलगी त्या वेळी लोकलमध्ये होती, लोअर परळच्या ऑफिसला निघालेली. भावाचा फोन गर्दीत तिला ऐकू आला नव्हता. तिने ग्रुप उघडला. त्याच्या खाली तोवर तीस जणांनी हात जोडलेले होते, आणि डब्यात तिला ओळखणारं एकही माणूस नव्हतं. निरोप शॅननच्या गणिताप्रमाणे जसाच्या तसा, क्षणार्धात पोचला होता.

हे समजल्यावर जुन्या चाळीतल्या बायकांनी पुढाकार घेतला. त्यातल्या दोघी तर माझ्या आईबरोबर त्या रात्री जिन्यात उभ्या राहिलेल्यांच्या सुना. त्यांनी ठरवलं आणि ग्रुपवर टाकलं, की यापुढे कुणाच्या जाण्याची बातमी आधी फक्त तिघांना कळवायची. त्या तिघांनी घरच्या सगळ्यांपर्यंत कुणी ना कुणी प्रत्यक्ष पोचलंय याची खात्री करून घ्यायची. मुलगी डोंबिवलीला असेल तर डोंबिवलीतल्या दोघींनी तिच्या दारात जायचं, ऑफिसात असेल तर तिच्या जवळच्या माणसाला ऑफिसच्या खाली पाठवायचं, परदेशात असेल तर तिच्या नवऱ्याला नाहीतर मैत्रिणीला आधी गाठायचं. मग फोटो. आतापर्यंत दोनदा तशी वेळ आली. दुसऱ्या वेळी बदलापूरला जायची पाळी माझ्या बायकोची होती. ती दुपारी निघाली, थर्मासमध्ये चहा घेऊन.